वहिनी, तुमचं खरं कोणतं?

वहिनी, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, हिला वेळकाळ काही आहे का. तुम्ही तसं म्हणाला नसतात. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसला असतात, चष्मा कपाळावर चढवला असतात आणि म्हणाला असतात, "बोल, कुठून सुरू करतेस?" मग मला भांडताच आलं नसतं. तुमची रीतच तशी होती. म्हणून आज, तुम्हाला मध्ये बोलता येत नाही तेव्हा, सगळं एकदा सांगून टाकते.

वीसेक वर्षं मी तुमची धाकटी जाऊ होते. पहिली काही वर्षं एकाच फ्लॅटमध्ये, मग त्याच सोसायटीत समोरासमोरच्या इमारतींत. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या गॅलरीतून दिसते. इतक्या जवळून बघूनही मला एका गोष्टीचा पत्ता लागला नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळायचं, यात शंका नाही. पण कळायचं म्हणून तुम्ही मायेनं वागायचात, की कळायचं म्हणून माणसाला हवं तसं वळवायचात?

माझ्या संशयाची सुरुवात तुमच्या दवाखान्यात झाली. कोथरूडमधल्या त्या दातांच्या दवाखान्यात तुम्ही पुढच्या टेबलावर बसायचात, पेशंटची नावं लिहून घ्यायचात, एकेकाला आत पाठवायचात. माझं लग्न नुकतंच झालं होतं. दाढ ठणकत होती आणि तुम्ही मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं होतंत, कारण घरच्या माणसाला आधी सोडणं तुमच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी गाल धरून बाकावर बसले होते आणि दुसरा उद्योग नसल्यामुळे तुमचं बोलणं ऐकत होते. एक आजी फार घाबरल्या होत्या. तुम्ही त्यांच्याशेजारी जाऊन बसलात आणि हळूच म्हणालात, "माझी अक्कलदाढ काढायचीय असं डॉक्टर कधीपासून म्हणतायत. मीच टाळतेय हो, भीती वाटते." आजींना इतकं बरं वाटलं की त्याच तुम्हाला धीर द्यायला लागल्या आणि देता देता आत गेल्या. थोड्या वेळाने कॉलेजातली एक मुलगी आली. तिचे हात गार पडले होते. तिला तुम्ही म्हणालात, "अगं, माझी अक्कलदाढ मागच्याच महिन्यात काढली. संध्याकाळी भाकरी खाल्ली मी." तीही गेली. मग भरघोस मिशांचे एक गृहस्थ आले. त्यांना म्हणालात, "तुमचं नाव यादीत दिसलं की डॉक्टर निश्चिंत असतात. तुम्ही हूं की चूं करत नाही." ते छाती पुढे काढून आत गेले.

रिक्षातून घरी येताना मी विचारलं, "वहिनी, तुमची अक्कलदाढ आहे की काढली?"

तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "तुला कोणती हवीय?"

मी हसले, गाल दुखत असताना हसले. पण मी गणिताचे क्लास घेणारी बाई. मुलाचं उत्तर बरोबर आलं तरी मी पायऱ्या तपासते. त्या दिवसापासून मी तुमच्या पायऱ्या तपासायला लागले.

तेव्हा आम्ही तुमच्याकडेच राहत होतो. सासूबाई माझ्याशी मोजकं बोलायच्या. मी केलेली आमटी त्यांच्या वाटीत तशीच राहायची. एका सकाळी पाणी भरताना तुम्ही सहज बोलल्यासारखं बोललात, "आई म्हणत होत्या, मंजिरीची आमटी आपल्या घरासारखी नसते, पण चव जिभेवर राहते." मी दिवसभर हवेत होते. दोनच दिवसांनी आईंनी मला हाक मारली. "ये इकडे. गोडा मसाला कसा भाजायचा ते बघून ठेव. शिकायचंय म्हणत होतीस ना?" मी असं कोणालाच म्हटलं नव्हतं. पण त्या घडीला 'नाही' म्हणण्याइतकी मी वेडी नव्हते. मसाला शिकले. मसाल्याबरोबर आईंचं माहेर, त्यांची लहानपणी गेलेली बहीण, त्यांचे दुखरे गुडघे, सगळं हळूहळू शिकले. त्यांच्या वाटीत आमटी उरेनाशी झाली.

हे झालं गोड. माझे वडील गेले तेव्हाचं तसं नाही.

ते लोणी काळभोरला माझ्या भावाकडे असायचे. पक्षाघात होऊन अंथरुणाला खिळले होते. तीन वर्षं मी दर रविवारी बसने जायची, त्यांना भरवायची, अंग पुसायची, संध्याकाळी परत यायची. ते गेले आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दिवसकार्य उरकून मी कोथरूडला परतले, क्लास सुरू केले. लोक म्हणाले, मंजिरी खंबीर आहे. खंबीर मंजिरीला झोप लागत नव्हती, घास गिळवत नव्हता, आणि ओटा पुसून झाला की ती परत तोच ओटा पुसायला घ्यायची. भेटायला येणारे मला धीर द्यायचे, मी त्यांना चहा द्यायची.

तुम्ही धीर दिला नाहीत. दोन-तीनदा नुसत्या बघून गेलात. मग एका शनिवारी दुपारी आलात. तुमचा दीर सुहास आमच्या लेकीला, ईशाला घेऊन बाहेर गेला होता. मी काकडी चोचवत होते. तुम्ही समोर बसलात आणि म्हणालात, "चला, सुटलीस म्हणायची. रविवारची खेप वाचली."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"सुटलीस म्हटलं. तीन वर्षं म्हणजे काय कमी झाली?"

मी ताट भिरकावलं. तुमच्या अंगावर नाही भिरकावलं, पण त्याचं श्रेय मी घेत नाही, माझा नेम वाईट आहे. मग काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी ओरडून सांगत होते, तीन वर्षं मी दर रविवारी गेले आणि तीन वर्षं ते मला आत्याच्या नावाने हाक मारत होते. एकदाही मंजू म्हणाले नाहीत. आता कधीच म्हणणार नाहीत. हे बोलता बोलता जे रडू फुटलं ते आवरेना. तुम्ही जवळ आला नाहीत, पाठीवर हात ठेवला नाहीत. खाली बसून फरशीवरची काकडी गोळा करत राहिलात. मी म्हटलं, "परत माझ्या घरात पाऊल टाकू नका." तुम्ही "बरं" म्हणालात, ताट धुऊन पालथं घातलंत आणि गेलात.

त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि सकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. त्या झोपेबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. आज मानते. रागासकट मानते, कारण पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

आपलं बोलणं बंद झालं. सुहास मधूनमधून "जाऊ दे गं" म्हणायचा. एकदा मी त्याच्यावर उखडले. "तुझी वहिनी मला असं बोलली आणि तू नुसता जाऊ दे म्हणतोस?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "अगं, तिने मला त्या दिवशी सकाळीच फोन केला होता. म्हणाली, ईशाला घेऊन बाहेर जा, चारच्या आत येऊ नकोस. मंजिरी आज माझ्यावर चिडणार आहे."

चिडणार आहे. दुपारनंतर ढग दाटून येणार आहेत, असं सांगावं तसं.

मी होते तशी तुमच्याकडे आले. तुम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतात. मला बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही, त्याचाही मला राग आला.

"माझ्या दुःखाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"कोणीतरी ठरवायला हवं होतं," तुम्ही म्हणालात. "तू नुसता ओटा पुसत होतीस."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"आणि तुमचा अंदाज चुकला असता तर?"

तुम्ही हातातल्या शर्टाची बाही सरळ केलीत. "तर तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस. तेवढं धरून चालले होते मी."

यावर खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "तुम्हाला हे आवडतं, वहिनी. कुठे दाबलं की माणूस रडतो, कुठे दाबलं की हसतो, हे करून बघायला तुम्हाला आवडतं."

"आवडतं," तुम्ही म्हणालात. "पण तुला वाटतं तसं नाही."

मग कसं, ते सांगितलं नाहीत. तेवढ्यात तुमचे यजमान, आमचे दादा, बाहेरून आले. तुम्ही चहा टाकलात आणि मला सांगितलंत की साखर कमी आहे, वरून घे. तो वाद तिथेच राहिला. नंतर मी तो कितीदा उकरून काढला, आणि दर वेळी तुम्ही मला दुसऱ्याच कशावर तरी बोलायला लावलंत. मला वाटतं, 'तसं नाही' म्हणजे कसं, हे तुम्हालाही धड सांगता येत नव्हतं. किंवा येत होतं आणि मी ते ऐकायच्या लायकीची नव्हते. बघा, तुम्ही गेल्यावरही माझं चालूच आहे.

त्यानंतर माझी एक वाईट खोड झाली. घरात कोणी माझ्याशी चांगलं वागलं की मला त्यामागे तुम्ही दिसायचात. सुहास लवकर घरी आला की मी विचारायची, वहिनींचा फोन आला होता का. ईशाने आपणहून भांडी विसळली तर मी तिच्याकडे चोरासारखं बघायची. बिचारी एकदा म्हणाली, "आई, मला स्वतःला वाटू शकतं ना काही?" तिला वाटू शकतं हे मलाही मान्य होतं. पण तुम्ही समोरच्याच इमारतीत होतात.

मग आई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, त्यांना सतत कोणीतरी जवळ लागणार हे ठरलं. त्या कायम तुमच्याकडेच राहत आलेल्या. सगळे बसलो होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने म्हणालात, "तुला नाही जमायचं गं. तुझे क्लास, तुझा स्वभाव. आईंना बोलायला माणूस लागतं. राहू देत माझ्याकडेच."

'तुझा स्वभाव' हे दोन शब्द मला असे झोंबले की आठवड्याच्या आत आई माझ्याकडे आल्या. दादा नको म्हणत होते. सुहास म्हणत होता, विचार कर. हट्ट माझा होता, निदान मला तसं वाटत होतं. आईंना न्यायला मी आले तेव्हा त्यांच्या औषधांची पिशवी दाराशी तयार होती. एकेका पुडीवर तुमच्या अक्षरात वेळ लिहिलेली होती. एवढं लिहायला एक संध्याकाळ पुरली नसती. जिना उतरताना हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर आईंची खुर्ची खाली पोचली होती.

आईंची शेवटची वर्षं माझ्याकडे गेली आणि ती चांगली गेली, हे मी नाकारत नाही. दुपारच्या क्लासच्या मुलांना त्या खुर्चीत बसून पाढे विचारायच्या. एकदा त्यांचे पाय चेपताना मी म्हटलं, "आई, सुरुवातीला तुम्ही माझ्या आमटीचं कौतुक केलंत ना, तेव्हा मला फार धीर आला होता." आई म्हणाल्या, "मी? तुझ्या आमटीचं? ती कुठे धड होती तेव्हा." आणि पुढे म्हणाल्या, "तूच तर म्हणाली होतीस ना मोठीपाशी, की माझ्यासारखा मसाला कोणाला जमत नाही म्हणून?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आईंना असं हसू आलं की ठसका लागला.

तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "खोटं होतं, मान्य. तेव्हा होतं. आता आहे का?"

तुम्हाला उत्तर देणं कोणालाच जमायचं नाही, ही तुमच्याशी भांडण्यातली अडचण होती. पण मला एवढं कळतं की ज्याला दुसऱ्याचं दुखरं दिसतं, त्याला तिथे फुंकर घालता येते आणि बोटही दाबता येतं. दोन्हीला नजर तीच लागते. तुम्ही फुंकर घालायचात की बोट दाबायचात, हे ज्याचं त्याला कळायचं नाही, कारण दोन्हीनंतर माणसाला बरंच वाटायचं.

मग तुमच्या पोटातलं दुखणं निघालं. उशिरा निघालं. ज्या तरुण डॉक्टरने ते सांगायचं होतं त्याला शब्द सापडेनात. तो रिपोर्टची पानं उलटसुलट करत होता. मी तिथे होते. तुम्ही त्याला म्हणालात, "तुम्हालाही अवघड जातं हो हे. सावकाश सांगा." त्याचा आवाज मोकळा झाला. त्याने सगळं सांगितलं, आणि दादा खाली बघून रडायला लागले तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरलात. त्या खोलीत मरण ठरलं होतं ते तुमचं, आणि सगळ्यांना सावरत होतात तुम्हीच. मी भिंतीला टेकून उभी होते. मी तुम्हाला सावरावं, असं काही मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी कसं करायचं ते येत नव्हतं.

घरी आणल्यावर दुपारी मी तुमच्याजवळ बसायची. पहिल्या दिवशी मी प्रयत्न केला. म्हटलं, "आज चेहरा तरतरीत दिसतोय."

"मंजिरी, तुझं खोटं फार कच्चं असतं," तुम्ही म्हणालात. "त्यापेक्षा भांड."

म्हणून मी भांडले. एका दुपारी विचारलं, "आईंच्या वेळी तुम्ही मला मुद्दाम डिवचलंत ना?"

तुम्ही डोळे मिटून पडला होतात. वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "हो."

"का?"

"दमले होते गं."

"मग तसं सांगायचं. मी नाही म्हणाले असते का?"

"सांगणार कोणाला? मी दमले म्हटलं की घरात सगळे घाबरे व्हायचे. मग त्यांनाच धीर देत बसायचं. त्यापेक्षा तुला राग आणणं सोपं."

इतक्या वर्षांत तुमच्याविरुद्ध जो पुरावा मी शोधत होते तो तुम्ही आपणहून माझ्या हातात ठेवलात, आणि मला त्याचं काय करावं ते कळेना. सगळ्यांचे चेहरे वाचणाऱ्या बाईचा चेहरा वीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही वाचला नव्हता. मीही तुमच्याकडे इतकं बघितलं ते संशयाने बघितलं. दमणूक बघायला वेगळं बघावं लागतं. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.  मग तुम्ही म्हणालात, "तुझं एक बरं आहे. तुझ्यापुढे मला चेहरा सांभाळावा लागत नाही."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. सुहासला सांगितलं नाही, ईशाला नाही. स्वयंपाक करताना मनात घोळवलं. घरात सगळ्यांत तिरसट मी, कोणाच्या गोड बोलण्यावर विश्वास न ठेवणारी, आणि त्याचाच तुम्हाला विसावा होता. तुम्ही गेलात त्या दिवशी माझ्याजवळ एवढंच होतं, आणि ते पुष्कळ होतं.

परवा तुमच्या घरी अफरोज आली होती. तुमच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी. तिची माझी नुसती तोंडओळख. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आली होती. दादा आत पडले होते, म्हणून मीच तिच्यापाशी बसले. चहा विचारला तर नको म्हणाली. सोफ्याच्या कडेवर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी नवीन होते ना ताई, तेव्हा डॉक्टरांना काही द्यायचं म्हटलं की माझे हात थरथरायचे," ती म्हणाली. "मॅडमनी कधी कोणाला कळू दिलं नाही. पेशंटला बोलण्यात गुंतवायच्या." मग तिच्या घरचं थोडं बोलली. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं तेव्हा ती दवाखान्यात फक्त तुमच्याशी बोलायची. मी मान हलवत होते. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू? मी अजून कोणाला बोलले नाही. मॅडम मला म्हणायच्या, अफरोज, तुझ्यापुढे मला चेहरा सांभाळावा लागत नाही."

शब्दाला शब्द, वहिनी.

  डोक्यात एकदम सगळं सुरू झालं. तिला आधी म्हणालात की मला? आणखी कोणाकोणाला? की खरंच आम्हा दोघींपुढे तुम्हाला चेहरा सांभाळावा लागत नव्हता? असं असू शकतं, का नसावं? दोन माणसं काही जास्त होत नाहीत. पण मग 'तुझं एक बरं आहे' असं म्हणून तुम्ही मला इतरांपासून वेगळं का काढलंत? मला नेमकं काय ऐकायचंय हे तुम्हाला माहीत होतं म्हणून? मरणाच्या दारात पडून, डोळे मिटून, तुम्ही माझ्यावरही तेच केलंत?

अफरोज माझ्याकडे बघत होती. "तुमची तर त्यांच्याशी किती जवळीक," ती म्हणाली. "तुम्हालाही म्हणाल्या असतील ना असं?"

प्रश्न साधा होता, पण ओढणीभोवती फिरणारं तिचं बोट थांबलं होतं. मला ते दिसलं. ती ज्याच्या आधाराने दोन बस बदलून आली होती, तेच माझ्यासमोर ठेवून विचारत होती की हे माझंच आहे ना.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही कधी म्हणाल्या. आमचं आपलं सारखं भांडण. तुमचं नाव मात्र घ्यायच्या."

यातलं भांडण तेवढं खरं होतं.

तिचे डोळे भरले. ती पहिल्यांदा सोफ्याला टेकून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता घेते चहा, चालेल?" मी आलं घालून चहा केला. तो सावकाश पिऊन तिने कप स्वतः विसळून ठेवला, दादांना आत जाऊन नमस्कार केला आणि गेली. आली होती त्यापेक्षा हलकी होऊन गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझं खोटं या वेळी कच्चं नव्हतं.

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. हे मी का केलं, ते मला सांगता येत नाही. तिला बरं वाटावं म्हणून केलं असेल. किंवा तुमचं ते वाक्य तिच्याबरोबर वाटून घेतलं असतं तर माझं माझ्याजवळ उरलं नसतं, म्हणूनही केलं असेल. तुम्ही असतात तर माझ्या तोंडाकडे एकदा बघून सांगितलं असतंत, यातलं खरं कोणतं ते. आता मलाच ते कळत नाही, आणि बघून ओळखेल असं घरात कोणी राहिलं नाही.